सावडीनं मिळवलेला शुक्रवार

गयाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला साधं पाणीही विचारलं नव्हतं, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. वसमतच्या आमच्या हळद कारखान्यात हळकुंडं निवडणारं यंत्र बसवायला मी हिंगोलीहून आलो होतो. शेडमध्ये बायका जोडीजोडीनं समोरासमोर बसून मधल्या ढिगातली डागी हळकुंडं वेचत होत्या. त्यांच्या मुकादम गयाबाई. त्यांनी आधी यंत्राकडं, मग माझ्याकडं पाहिलं.

"हे कितीजणींचं काम करंल?"

"अर्ध्या शेडचं," मी ऐटीत सांगितलं.

"मंग अर्ध्या शेडनं काय खावं, ते बी सांगा की दादा."

यंत्राच्या माहितीपुस्तकात याचं उत्तर नव्हतं. ते पुढं गयाबाईंनीच शोधलं. आज त्यांच्या साठीनिमित्त ते सर्वांपुढं मांडताना माझी छाती फुगली आहे, हे लपवत नाही.

यंत्र सुरू झालं आणि शेटजींनी अर्ध्या बायकांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांत रझियाबी होत्या. गयाबाईंच्या समोर बसून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती आणि घरात त्या एकट्याच कमावत्या होत्या. त्या दिवशी त्यांनी भाकरीचं फडकं सोडलंच नाही. गयाबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "सोमवारी डबा घेऊन ये. बराबर टायमावर."

सोमवारी सगळ्याजणी आल्या. काम राहिलेल्या बायकांनी काम गेलेल्या बायकांना आपल्या समोर बसवून घेतलं. आपल्याकडं सावडीची रीत आहे, एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबायचं. सावडीला माणसं जास्त आली तर काम लवकर उरकतं आणि सगळेच लवकर घरी जातात. जास्तीचा म्हणून कुणाला बांधावरून परत धाडत नाहीत. गयाबाईंनी तीच रीत कारखान्यात आणली. दुपारपर्यंत दिवसाचा माल निवडून पोती शिवून झाली. बायकांनी पदर झटकले आणि त्या निघून गेल्या. मजुरी अर्ध्याजणींचीच मिळत होती, ती सगळ्यांनी वाटून घेतली. घराघरांत ओढाताण झाली, पण एकीनंही जोडी मोडली नाही.

दुपारी शेटजी आले तो शेड रिकामी. ते माझ्यावरच ओरडले. मी पोत्यांच्या थप्पीकडं बोट दाखवलं. आठवडाभर हेच चाललं, तेव्हा त्यांनी गयाबाईंना बोलावून घेतलं.

"शेटजी, मशीन आलं म्हंजे सावडीला एक माणूस वाढलं. आमाला काहून हाकलून राहिले? आता सहा दिवसांच्या जागी तीनच दिवसांचं काम उरलं. एक दिवस तुमच्या मशीनच्या खर्चापायी जास्तीचा देतो. चार दिवस सगळ्याजणी येतो, आठवड्याची मजुरी पहिल्यावानी द्या."

"म्हणजे घरी बसायचे पैसे देऊ?"

"माल तेवढाच निघून राहिला, भाव तोच. मशीनला पोट न्हाई, शेटजी. त्याच्या वाटची मजुरी कुनाच्या पोटात चालली, ते सांगा."

शेटजी शेतकऱ्याच्याच घरातले. आधी चिडले, मग हसले, आणि महिनाभर करून बघू म्हणाले. त्या महिन्यात माल कुठं अडला नाही. उलट ताज्या डोळ्यांनी निवड होऊ लागल्यावर व्यापाऱ्यांच्या डागी मालाच्या तक्रारीच थांबल्या. तेव्हापासून आमच्या शेडला गुरुवारी संध्याकाळी कुलूप लागतं ते सोमवारी उघडतं. रझियाबी आपल्या जागी आहेत. वसमतमधल्या आणखी दोन कारखान्यांतल्या बायकांनीही हेच मागितलं आणि मिळवलं. बायका आता आळशी होतील, असं काही शहाण्यांनी भाकीत केलं होतं. त्यांनी एखाद्या शुक्रवारी यांच्या घरी येऊन धुणं धुवावं, मग बोलावं.

गयाबाईंनी यंत्राचा मात्र कधी राग केला नाही. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ त्याच घालतात.

माझे वडील हिंगोलीच्या दवाखान्यात होते तेव्हा मी जागून जागून पार थकलो होतो. एका शुक्रवारी सकाळी गयाबाई आणि रझियाबी एसटीनं येऊन दारात उभ्या राहिल्या. "तुमी जाऊन झोपा, दादा. आज आमाला वेळ हाय." वेळ आहे, हे शब्द त्या शेडमधल्या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला रडू आलं. दिवसभर दोघी वडिलांच्या उशाशी बसल्या, आणि वडील कितीतरी दिवसांनी पोटभर गप्पा मारत होते.

गयाबाईंचा सत्कार आम्ही मुद्दाम शुक्रवारी भर सकाळी ठेवला आहे. शेडमधल्या सगळ्याजणी येणार आहेत, रझियाबी पहिल्या रांगेत बसणार आहेत, आणि एकीलाही रजा मागावी लागलेली नाही. गयाबाई, तुम्हाला ठणठणीत प्रकृतीची शंभर वर्षं मिळोत, आणि त्यांतला एकही शुक्रवार कुणाला परत द्यावा लागू नये.