डाग नव्हते ते

त्या फोटोवाल्याचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तेव्हा रोह्याला रेल्वे नव्हती. माझं लग्न तिकडे ठरलं. वडखळजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावातून लेक एवढ्या लांब जाणार, म्हणून आईने हट्टच धरला, की जाताना माझा फोटो घेऊन जा. जन्मात तिचा फोटो निघाला नव्हता. मिठागरात काम करताना आभाळ स्वच्छ असलं की तिला कर्नाळ्याचा सुळका अंगठ्याएवढा दिसायचा. फोटो काढायचा तर त्याच्यापाशीच, म्हणाली. मुंबईचे लोक मोटारी थांबवून तिथे फोटो काढून घेतात, हे तिने ऐकलं होतं.

एसटीने गेलो. रस्त्याच्या वळणावर पेणचा एक फोटोवाला तीन पायांच्या स्टँडवर पेटीसारखा कॅमेरा लावून उभा असे. त्याने आईला अशी बसवली की सुळका बरोबर तिच्या डोक्यामागे यावा. हलू नका म्हणाला, तर ती श्वाससुद्धा घेईना.

आठ दिवसांनी त्याच्या पेणच्या दुकानात गेलो. फोटोत सुळक्याची भेगन्‌भेग उठून आली होती. खाली एक गुळगुळीत तोंडाची बाई बसली होती. कपाळावरची गोंदणाची चांदणी नाही, हनुवटीवरचे तीन ठिपके नाहीत, डाव्या गालावर एक होता तोही नाही. फोटोवाला कौतुकाने सांगत होता, की मावशी, निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल चालवून सगळे डाग काढलेत, मुंबईच्या गिऱ्हाइकांना असाच स्वच्छ चेहरा लागतो.

डाग म्हणे! आमच्याकडे बाई गेली की अंगावरचं सोनं उतरवून घेतात, गोंदण तेवढं तिच्याबरोबर जातं. ते या माणसाने न विचारता पुसलं. दगडाची एक भेग बुजवावीशी त्याला वाटली नाही, माझ्या आईचं तोंड मात्र दुरुस्त करावंसं वाटलं.

मी तोंड सोडणारच होते, पण आईने मला गप्प केलं. त्याला शांतपणे म्हणाली, "डाग नाय रे ते. ही मी नाय. लेक तिकडं कोनाचं तोंड बघंल?"

तो म्हणाला, आता काही करता येणार नाही. तेव्हा आईने त्याच्या टेबलावरचा टाक उचलला आणि दुकानातल्या आरशासमोर उभी राहिली. स्वतःकडे बघत बघत तिने फोटोवर एकेक ठिपका दिला. टाक तिने आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता. आरशात बघून दिल्यामुळे डाव्या गालावरचा ठिपका फोटोत उजव्या गालावर गेला. ते माझ्या लक्षात आलं, पण मी तिला कधी सांगितलं नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. परवा मुलाने रोह्यातल्या एका स्टुडिओतून तो फोटो मोठा करून, फ्रेम लावून आणला. त्यांनी कॉम्प्युटरवर शाईचे डाग फुकटात साफ करून दिले, म्हणाला. सुळका जसाच्या तसा होता. मी इतकी भडकले की सून स्वयंपाकघरातून धावत आली.

मग मी फ्रेमची काच काढायला लावली, पेन मागून घेतलं आणि आईने दिले होते तिथेच सगळे ठिपके पुन्हा दिले. गालावरचाही दिला, त्याच चुकीच्या गालावर.