साठाच्या पुढची थरथर

माझी जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप साठाच्या पुढे गेली की थरथरायची. भंडारदऱ्याला पर्यटक फिरवायला ती लागायची. टायर बदलले, बॅलन्सिंग केलं. शेवटी, "तूच गाडी आदळतोस," म्हणून ड्रायव्हरला काढून टाकलं. थरथर राहिलीच.

राहुरीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा मिस्त्री भेटला. मला जीप रस्त्यावर काढायला लावून तो शेजारी बसला, चपला काढल्या आणि अनवाणी पाय जीपच्या तळाला टेकवले. वेग साठाला पोचताच म्हणाला, "न्यूट्रल करा." थरथर थांबली नाही.

"इंजिनाचा दोष न्हाई. स्टेअरिंग गप हाय, म्हंजी म्होरची चाकंबी न्हाईत."

शेडमध्ये परतल्यावर तो गाडीखाली शिरला. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट कुणीतरी खोलून परत जोडताना त्याच्या सांध्यातल्या खाचांचा एक दात चुकवला होता, म्हणून तो वेगात डगमगायचा. तो नीट बसवून मिस्त्रीनं विचारलं, "ड्रायव्हर काय बोलला न्हाई?"

"म्हणाला होता, शाफ्ट खोलल्यापासून होतंय."

"मग?"

"मी त्याला काढलं."

हात पुसता पुसता तो थांबला. "मानूस सांगतो ते खोटं, गाडी सांगती ते खरं, असं धरून चालत्यात. लई बघितले असे मालक." आणि तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

जीप आता ऐंशीलाही शांत धावते. मी ड्रायव्हरला फोन करून परत कामावर यायला सांगितलं.

तो म्हणाला, "तीन ठिकानी काम मागाय गेल्तो, साहेब. तिगांनीबी आधी तुमालाच विचारलं हुतं, अन् तुमी 'गाडी आदळतो' म्हनून सांगितलं."

त्यानं फोन ठेवला.