खंडेनवमीचं इंजिन

निपाणीत आमच्या सासरची तंबाखूची वखार होती. तिच्या आवारात एक विहीर, विहिरीवर एक पंप, आणि त्या पंपाला फिरवणारे दोघे. रोजचं काम विजेची मोटर करायची. पण वीज गावात नवीनच आलेली, आणि नव्या सुनेवर ठेवतात तितकाच भरवसा तिच्यावर होता. म्हणून सासऱ्यांनी जुनं तेलाचं इंजिन मोडीत न घालता वखारीच्या दाराशेजारी छपरात ठेवलं होतं. आग लागली आणि नेमकी वीज गेली तर पाणी त्याच्यावर खेचायचं. सासरे गेल्यावरही इंजिनावरचा गडी दर आठवड्याला ते सुरू करून बघे. ठक्क, जरा थांबून पुन्हा ठक्क, हा त्याचा आवाज सगळ्या गल्लीच्या कानात बसला होता.

खंडेनवमीला मात्र त्याला सुट्टी. सकाळी धुऊनपुसून हळदकुंकू लावायचं, चाकाला झेंडूचा हार घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तराजू, कोयते, माझं शिवणाचं मशीनसुद्धा त्या दिवशी गप्प. सासूबाई याबाबतीत फार कडक होत्या. मला हे काही पटत नसे, पण मला विचारतो कोण!

त्या वर्षी परतीच्या पावसात थोडा माल ओला झाला होता. ओल्या तंबाखूची थप्पी आतल्या आत तापते. दुपारी जेवणं आटोपून मी मागच्या अंगणात गेले, तर उग्र वास आला. वखारीच्या भिंतीला हात लावला. ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखी ती कढत होती. मी हाका मारल्या. दार उघडलं तर आत जाळ कुठेच नाही, नुसता पिवळट धूर, आणि तो काही घाईत नव्हता.

माझे यजमान आणि धाकटे दीर तोंडाला ओली फडकी बांधून पाण्याची नळी घेऊन आत गेले. मोटर चालू होती. थोड्या वेळानं ती घरघरली आणि थांबली. वीज गेली होती. सणाच्या दुपारी गल्ली इतकी शांत झाली की मला माझा श्वास ऐकू येऊ लागला.

इंजिनाचं डोकं आधी दिव्यानं चांगलं तापवावं लागे, त्याशिवाय ते लागत नसे. इंजिनावरचा गडी दिवा घ्यायला वाकला, तशा सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"पूजा झालीया त्येची. उद्याच्याला सकाळपातूर चाक हलायचं न्हाय. वीज येतीया आत्ता."

गड्यानं हात मागं घेतला. गल्लीतली माणसं जमली होती, पण कुणी पुढं होईना. माझं डोकं फिरलं.

"आत्या, आत दोघं हायत!"

"माझीच हायत ती," त्या म्हणाल्या. त्यांची नजर वखारीच्या दारावर होती, पण त्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात धुरातून माझे यजमान रांगत बाहेर आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दिसत काहीच नव्हतं, तरी ते सरळ इंजिनाकडेच येत होते. चाकाला हात लागल्यावर थांबले.

"बंद का केलासा? आत्ता चालू हुतं की."

हाराची एक पाकळी हलली नव्हती. मी लोखंडाला हात लावला. थंडगार. आत दार दिसत नव्हतं, म्हणून ते ठक्क ठक्कच्या रोखानं रांगत आले होते. तंबाखूच्या धुरानं माणूस भ्रमतो, असं पुढं डॉक्टर म्हणाले. म्हणोत.

"आणि धाकला?" सासूबाईंनी विचारलं.

यजमान मागं वळून बघत राहिले. मी हार ओरबाडून काढला. दिवा सासूबाईंनीच पेटवून धरला. डोकं तापायला लागायचा तेवढा वेळ लागलाच. मग इंजिन लागलं, पाणी आलं, वखार बरीचशी वाचली. दीर थप्पीपाशी सापडले, तेव्हा अंगात प्राण नव्हता. त्यांनी नळी सोडली नव्हती.

सासूबाईंना कुणी बोल लावला नाही. मी मनातून लावला, पुष्कळ वर्षं. यजमान त्या दिवसाबद्दल तोंड उघडत नसत. सासूबाईंचं दहावं करून आले, त्या दिवशी अंघोळ करून ओट्यावर बसले आणि आपणहून बोलले.

"आत मला गरगरत हुतं. इंजिनाचा आवाज आला. मी धाकल्याला म्हनलो, इंजिन लागलं बघ, चल भाईर. तर म्हनला, 'लागलं न्हवं? मग पानी येतंयच की. तू जा अण्णा, मी नळी धरतो.'"