तळेगावच्या पुढची पोस्ट

घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे किस्से साठतात. कोणी मुद्दाम जमवत नाही आणि फेकायला हात होत नाही. आमच्याकडचे बहुतेक मेजर भाऊजींचे आहेत. मेजर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी इतिहासात पीएच.डी. केली, जन्मभर वर्ध्यात शिकवलं, त्यामुळे पुराव्याशिवाय काही लिहायचं म्हटलं की माझं पेन पुढे सरकत नाही. म्हणून हे किस्से मी ताईकडून दोनदा वदवून घेतले. दोन्ही वेळा ते वेगळे निघाले. त्यातले मला जे खरे वाटले ते देतो. चुकत असेन तर माफ करा.

*

फौजेतून निवृत्त झाल्यावर मेजरांना माजी सैनिक म्हणून सरकारी जमीन मिळाली. तळेगावच्या पुढे, रस्ता संपतो त्याच्याही पुढे. सगळा मुरूम, मागे सागाचं जंगल. ताई दोन मुलं आणि एक ट्रंक घेऊन तिथं पोचली. मेजरांनी जमिनीवर चार दगड मांडून ठेवले होते.

"घर कुठं हाय?" ताईनं विचारलं.

"हे काय. तू स्वयंपाकघरात उभी हायेस."

ताईनं त्या चार दगडांच्या मधोमध स्टोव्ह ठेवला, चहा केला आणि कप मेजरांच्या हातात दिला. "घ्या. पन ट्रंक मी उघडनार नाई. उद्या परत जायचं हाय."

घर झालं, गोठा झाला, संत्र्याची बाग झाली. ट्रंक खाटेखाली बांधलेलीच राहिली. कोणी विषय काढला की ताई म्हणायची, "उद्या जायचं हाय ना."

*

मेजर त्या जागेला शेत म्हणत नसत, पोस्ट म्हणत. फौजेचा एक नियम त्यांनी घराला लावला होता: पहाऱ्यावर दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय पहिल्यानं पोस्ट सोडायची नाही. त्याला ते बदली म्हणत. त्यामुळे लग्न असो की मयत, घरातलं कोणीतरी एक मागे राहायचंच. माझ्या मुलीच्या लग्नाला ताई आली आणि मेजर आले नाहीत. मी फोनवर रुसलो.

"बापू," ते म्हणाले, "लग्न तुझ्या पोरीचं हाय, तुह्या ताईले जावंच लागन. माह्या बदलीवर कोन येते सांग, निघतो."

मी नवऱ्या मुलीचा बाप. मी कसा जाणार? पण फोन ठेवल्यावर क्षणभर मी खरंच विचार केला होता.

*

तळेगावात एक किराणा दुकानदार होते, शेठजी. भले गृहस्थ. पहिल्या वर्षीच त्यांनी मेजरांना समजावलं, "मेजरसाब, त्या जमिनीत काई होत नाई. लिहून देतो, शून्य."

मेजर म्हणाले, "म्हणूनच तर भांडायले कोनी येत नाई."

काही वर्षांनी मेजर दुकानात आले, खिशातून एक संत्रं काढलं आणि तराजूच्या पारड्यात ठेवलं.

"हे काय?" शेठजी म्हणाले.

"बागेचा माल."

"एकच?"

"तुम्ही शून्य म्हनलं होतं."

*

रोज सकाळी शिट्टी वाजायची आणि अजय व मीना, दोन्ही मुलं, अंगणात ओळीत उभी राहायची. मीना रोज उशिरा.

"उशीर काऊन झाला?"

"साहेब, गाय ऐकून नाई राह्यली."

"गायीले हजर करा."

मीनानं गाय आणून ओळीत उभी केली. मेजरांनी तिलाही समज दिली म्हणतात. हा भाग मला संशयास्पद वाटतो.

पण पुढचं खरं आहे. एका सकाळी शिट्टी ताईनं वाजवली. मुलं आली, मागून बनियनवर मेजर आले आणि सवयीनं ओळीत उभे राहिले.

"काल लाकडं कोनाले फोडायची होती?"

मुलांनी मेजरांकडे पाहिलं.

"मेजर, एक पाऊल पुढं."

मेजर एक पाऊल पुढे आले. त्या दिवसापासून शिट्टी ताईच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी.

*

जंगलखात्याचा गार्ड एकदा मोटारसायकलवर घाईनं आला. "साहेब, इकडं वाघ फिरून राह्यला. काई दिवस गावात राहा."

मेजर संत्र्यांना पाणी देत होते. "त्याले सांगतलं काय?"

"काय?"

"इकडं मेजर फिरून राह्यला म्हनून."

गार्डानं ताईकडे आशेनं पाहिलं. ताई म्हणाली, "भाऊ, वाघाची बदली होत असन तर पाहा. यांची काई होत नाई."

*

हे ऐकून मी माझ्या घरून, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेहून धावत गेलो. सोबत टॉर्च, फटाके आणि वाघाच्या सवयींवरचा एक जाड ग्रंथ होता. घराच्या ओसरीवरून जंगल एवढं जवळ दिसत होतं की मी खुर्ची भिंतीला लावून बसलो.

"भाऊजी, खरं सांगा, भीती वाटत नाही?"

"वाटते ना."

"मग?"

"मंग काय? तिलेही इथंच राहा लागते. एकटी कुठं जाईन ते?"

मी टॉर्च तिथंच ठेवून आलो. फटाके परत आणले.

*

मेजरांचं हृदय दुबळं झालं तेव्हा अजयनं गाडी आणली. वर्ध्याला दवाखान्यात न्यायचं होतं. मेजर खाटेवर उठून बसले आणि खाटेची कड धरून ठेवली.

"बाबा, चाला ना," अजय म्हणाला.

"बदली?"

"बाबा, ही काय वेळ हाय काय?"

"बदली कोन हाय?"

मी पण समजावून पाहिलं. रक्तदाब, ऑक्सिजन, सगळं सांगितलं. मेजर कड सोडेनात. मग ताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. खाटेसमोर सरळ उभी राहिली आणि गळ्यातली शिट्टी वाजवली.

"मी हाय," ती म्हणाली.

मेजरांनी तिला सॅल्यूट केला आणि मुकाट गाडीत जाऊन बसले. ते परत आले नाहीत.

*

तेरवीनंतर सगळ्यांचं ठरलं की ताईनं आता पिपरी मेघेला अजयकडे राहायचं. तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेला. वाटेत मी वाक्यं पाठ करत होतो. एकही लागलं नाही.

"ताई, चल आता," एवढंच म्हणालो.

"चाल. ट्रंक काढ."

इतकं सोपं निघेल असं वाटलं नव्हतं. मी खाटेखाली वाकलो आणि ट्रंक ओढली. तिचं झाकण उघडंच होतं. आत वाळलेलं गवत, गवतावर अंडी आणि अंड्यांवर एक लाल कोंबडी. तिनं माझ्या बोटाला चोच मारली.

"कपडे कुठं आहेत तुझे?"

"खुंटीवर. हिले अंड्यावर बसवली हाय. आता कशी उठवू? पिल्लं निघू दे, मंग येजो."

कारण रास्त होतं. मी अजयला तसं कळवलं. पिल्लं निघायला पुरेल इतका काळ जाऊ दिला, वर थोडा आणखी, आणि टेम्पो घेऊन पुन्हा गेलो. अंगणात पिल्लं दाणे टिपत होती, लाल कोंबडी त्यांच्या पुढे. ताई ओसरीवर तूर पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

मी आत गेलो, वाकलो, ट्रंक ओढली.

आत काळी कोंबडी बसली होती.

"ताई, ही कोण?"

ताई सूप घेऊन दारापर्यंत आली. मूठभर तुरीची चुरी तिनं कोंबडीसमोर टाकली.

"बदली," ती म्हणाली.