नाल्यातला लाल रंग

मरोद्यात आमच्या शेजारचे काका साड्या रंगवण्याच्या कारखान्यात सांडपाण्यातला रंग काढायचे. घरचं पाणीसुद्धा ते आधी हुंगत, मगच पीत. तरी कारखान्याचं पाणी नाल्यात लालच यायचं, तोवर त्याला कुणी हात लावत नसे. मग मालकानं रंग उडवणारी स्वस्त पावडर आणली. पाणी नितळ दिसू लागलं आणि बाया तिथून घागरी भरू लागल्या.

"रंग गेला, जहर तसंच हाय," काका घरोघर सांगत फिरले. कुणी ऐकलं नाही. एका सकाळी त्यांनी बादलीभर लाल रंग नाल्यात ओतला.

"हे कावून केलं जी?" मी विचारलं.

"आता तं कोनी पेनार नाही."

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. रंगही दुपारपर्यंत वाहून गेला. संध्याकाळी काका काठावर हात जोडून उभे होते. बाया त्यांना वळसा घालून पाण्यात उतरल्या.