फुंकणी लावलेली गाडी

आमच्याकडे पाहुणे आले आणि चहा झाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "सुशे, ते गाडीचं सांग ना!" आता गाडीचं म्हणजे नेमकं कुठलं? एक सांगायला घ्यावं, तर त्याचं शेपूट धरून दुसरं येतं, आणि तेवढ्यात आई आतून ओरडते, "आधी हपळांचं सांग!" दादा म्हणतो, गाडीला जेवढे नट नसतील तेवढे किस्से झालेत. खरंच आहे. कारण गाडीचे निम्मे नट किस्से घडतानाच रस्त्यात पडलेत!

एक आधीच सांगते. मी मुळात घाबरट. दूधवाल्याने कडी वाजवली तरी दचकते. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं तेसुद्धा केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काहीतरी फुटेल ह्या भीतीने. आणि अशा माणसाच्या खिडकीखाली ही गाडी येऊन उभी राहिली!

*

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मधू. इथे बंगलोरला विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याचा जिवलग दोस्त केशवअण्णा, निपाणीकडचा, त्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात. दोघांनी मिळून एक जुनी इंग्लिश टू-सीटर आणली होती. कोणी साहेब मायदेशी जाताना मागे ठेवून गेलेला. दिसायला ऐटबाज, पण चढावर सायकली पुढे जायच्या.

"हिला टर्बो बसवायचा," दादा म्हणाला. तेव्हा हा शब्द आमच्या गल्लीत कोणी ऐकलेला नव्हता.

तो टर्बो मिळाला कलासिपाळ्यच्या भंगारबाजारात. कुठल्याशा परदेशी डिझेल मशीनचा असावा. गोगलगाईसारखा वळलेला, काळाकुट्ट, आणि आत एक इवलासा पंखा. दुकानदाराने दोघांचे चमकलेले डोळे बघितले आणि भाव चढवला.

"विमानाचा पार्ट आहे, सार! साधा समजू नका."

दादा ऐटीत म्हणाला, "आम्ही विमानाच्याच कारखान्यात आहोत. असला पार्ट आमच्याकडे नसतोच."

दुकानदार शांतपणे म्हणाला, "कसा असेल, सार? तो तर इथे आलाय!"

*

जेवताना दादा आईला समजावून सांगत होता. केशवअण्णाही पानावर होता.

"आई, इंजिनातून धूर बाहेर जातो ना, तो फुकट जातो. त्या धुराच्या जोरावर हा पंखा फिरतो. पंखा जास्तीची हवा आत कोंबतो. हवा जास्त मिळाली की पेट्रोल जोरात पेटतं. कळलं?"

आईने आमटी वाढता वाढता विचार केला. "म्हणजे फुंकणी!"

"अगं, फुंकणी काय? हे विज्ञान—"

"चुलीत हवा घालायची, जाळ वाढवायचा. आणि काय असतं फुंकणी म्हणजे?"

दादाने मदतीसाठी केशवअण्णाकडे बघितलं. केशवअण्णाने घास गिळला. "मध्या, काकू बरोबर बोलत्यात की रे! आपण दोघं चार वर्षं इंजिनियरिंग कशाला शिकलो?"

तेव्हापासून तिचं नाव फुंकणी. कारखान्यातसुद्धा म्हणे साहेब विचारायचे, "फुंकणी हाऊ इज?"

*

फुंकणी बसवली त्या रविवारी शेजारच्या शारदक्कांनी कंपाउंडच्या भिंतीवर हपळ वाळत घातले होते. हपळ म्हणजे आपले पापड. दादाने गाडी सुरू केली. आधी नुसती घरघर. मग एकदम ठो!

मी तुळशीपाशी उभी होते. पुढच्या क्षणी मी स्वयंपाकघरात होते, मधला रस्ता कसा गेला आठवत नाही. बाहेर येऊन बघते तर नळीतून निघालेला काजळीचा लोट सरळ भिंतीवर. सगळे हपळ काळे!

दादाचा चेहरा पडला. शारदक्का बाहेर आल्या, एक हपळ उचलला, वास घेतला. कानडी ढंगाच्या मराठीत म्हणाल्या, "पर्वा नाही, मधू. वाळवायला ठेवले होते, तू भाजूनच दिलेस. स्वल्प जास्त झाले, एवढंच!"

शारदक्का हसल्या, पण अप्पा हसले नाहीत. अप्पा म्हणजे आमचे वडील. संशोधन संस्थेत नोकरी, आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच भीती वाटते. संध्याकाळी त्यांनी दादाला समोर बसवलं.

"धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती आहेत म्हणतोस ना? ठीक. त्यात एक तरी बक्षीस ह्या घरात आलं तर गाडी राहील. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी जिथून फुंकणी आणलीस तिथेच सगळी गाडी जाईल."

"सरी, ठीक," असं केशवअण्णाच पुटपुटला. त्या दिवशी दादाने दहीभात तसाच पानात टाकला. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

खरं सांगू? गाडी गेली तर बरंच, असं मला वाटलं. तेव्हा!

*

मग गाडी हलकी करायची टूम निघाली. स्टेपनी काढली, टप काढलं, दारंसुद्धा काढली. आई म्हणाली, "आता बसायचं कसं?" दादा म्हणाला, "उलट सोपं झालं. उघडायला नको!"

पण चाचणी घेताना अडचण आली. फुंकणीचा दाब मोजायला दादाने आमच्या डॉक्टरांचं जुनं ब्लडप्रेशरचं घड्याळ मागून आणून नळीला जोडलं होतं. ते बघायला दादा हवा. मग चालवणार कोण? केशवअण्णा बसला की चाक मडगार्डला घासायचं. दोघांनी अंगणात नजर फिरवली. मी कपडे वाळत घालत होते.

"सुशक्का," केशवअण्णा गोड आवाजात म्हणाला, "वजन किती गं तुझं?"

कॉलेजात असताना मामाच्या गाडीवर मी थोडंफार शिकले होते, तेवढंच भांडवल. देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे द्राक्षांचे मळे, समोर सरळ सडक, आणि माझे हात घामाने निसरडे.

"दाब!" दादा ओरडला.

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काहीच होईना! फुंकणीची ही खोडच होती. पंखा फिरायला लागेपर्यंत गाडी जणू विचार करत बसायची. मी दादाकडे वळून म्हणाले, "दादा, बंद पडली..."

आणि गाडीने उडी मारली! मान मागे, पदर मागे, तोंडात वारा. "बंद पडली" मी म्हणाले ते देवनहळ्ळीचा किल्ला लांब दिसत होता तेव्हा. "वाटतं" हा शब्द तोंडातून बाहेर पडला तोवर किल्ला मागे गेला होता!

घरी आल्यावर तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. आई म्हणाली, "घाबरलीस ना? आता परत जाऊ नकोस." आणि मीच विचारलं, "दादा, पुढच्या रविवारी किती वाजता?"

*

त्याच सुमाराला अप्पांना जरा चक्कर आली म्हणून आईने डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टर म्हातारे, कानाने थोडे कमी. अप्पा आत झोपलेले. दादा अंगणात गाडीखालून बाहेर आला तोच डॉक्टर समोर.

"काय रे मधू, प्रेशर बघितलंस का? माझं घड्याळ तुझ्याकडेच आहे ना?"

दादाच्या डोक्यात एकच विषय. उत्साहाने म्हणाला, "हो, रोज बघतो डॉक्टर! सपाटीला दीडशे असतं. चढ लागला की तीनशे!"

डॉक्टर मटकन पायरीवर बसले. "तीनशे? अरे, आणि मग?"

"मग काय, गॅस्केट उडालं!"

डॉक्टरांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी डोळे मिटले, दादाचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आईला सांगितलंस का, बाळ?"

*

शर्यतीचा दिवस उजाडला. गावाबाहेरची जुनी धावपट्टी, वळणावळणावर पिंपं आणि गवताचे भारे रचलेले. अर्धं बंगलोर छत्र्या घेऊन आलेलं. अप्पासुद्धा आले होते, काळी टोपी घालून, जणू कोणाच्या साखरपुड्याला.

दादाची शर्यत आधी होती. पहिल्या फेरीत तो तिसरा होता! आम्ही ओरडून घसे बसवले. पण दादा स्वभावाने उतावळा. वळणात शिरल्यावर त्याने दाबलं, काही होईना म्हणून आणखी दाबलं, आणि वळणाच्या मधोमध फुंकणी जागी झाली. गाडी दोन गिरक्या घेऊन गवतात! धूळ खाली बसली तेव्हा दादा स्टीअरिंग धरून बसला होता आणि डोक्यावर गवताची पेंढी.

अप्पांनी टोपी सरळ केली. "उद्या सकाळी त्या भंगारवाल्याला बोलवा." एवढंच.

दादा गाडीजवळ उकिडवा बसला. बॉनेटवरचं गवत एक एक काडी करून काढत होता. मला ते बघवेना.

तेवढ्यात लाऊडस्पीकरवर घोषणा झाली. लेडीज रेससाठी तीनच गाड्या आहेत, चौथी आली नाही तर शर्यत रद्द. वळून बघते तर केशवअण्णा आयोजकांच्या टेबलाशी, आणि हात माझ्याकडे!

"अण्णा, नाही! मी नाही! मला लोक बघताना चालवता येत नाही!"

"अक्का, त्या वेगात लोक कुठं दिसत्यात?"

हेल्मेट वेणीवर बसेना. आईने तिथेच मैदानात माझा गजरा काढला, पदर खोचला आणि कानात म्हणाली, "सावकाश जा हं." शर्यतीत!

झेंडा पडला. तिघीजणी गेल्या, मी राहिले. फुंकणी विचारच करत होती. पुढे पहिलं वळण दिसलं. मला नेहमीच पुढच्या गोष्टीची आधी धास्ती. ह्या वळणातून बाहेर पडताना गाडी झोपलेलीच राहिली तर? ह्या भीतीने मी वळण सुरू व्हायच्या आतच दाबून बसले. आणि वळण संपता संपता, सडक समोर सरळ झाली त्याच क्षणी, ठो! गाडी सुटली! एक निळी गाडी बाजूने मागे गेली. पुढच्या वळणालाही तेच. मी आधीच घाबरायची, आधीच दाबायची, आणि फुंकणी अगदी वेळेवर! दुसरी गाडी मागे! आता पुढे एकटी लाल गाडी, एका कॉफी मळेवाल्याची बायको चालवत होती. शेवटच्या सरळ पट्टीवर आमची दोघींची चाकं शेजारी शेजारी, मी मोठ्याने रामरक्षा म्हणतेय, आणि झेंडा!

नाकभर अंतराने ती पहिली. मी दुसरी.

उतरले तेव्हा रडत होते की हसत होते, कोण जाणे. दादा धावत आला. "सुशे, वळणाच्या आधीच दाबायचं तुला सुचलं कसं?"

"भीती वाटली म्हणून!"

पहिल्या नंबराला चांदीचा कप. दुसऱ्या नंबराला, लेडीज रेस ना, प्रेशर कुकर! सगळे अप्पांकडे बघायला लागले. दुसरा नंबर, त्यातही भांडं. हे धरायचं का?

अप्पांनी कुकर हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, आईकडे दिला. "बक्षीस घरात आलं," ते म्हणाले. "आता गाडी राहणार, तर तिला जागा कुठे, ते बघा."

*

कुकर घरात आला खरा, पण आई त्याला हात लावेना. महिनाभर तो फडताळावर. माझ्याइतकीच तीही भित्री, हे मला तेव्हा कळलं. कुकरबरोबरचं माहितीपत्रक मात्र तिचं तोंडपाठ झालं होतं. तीन शिट्ट्या. मग स्टो बंद. आणि गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, ह्याच्याखाली तर तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती.

इकडे दादा आणि केशवअण्णा पुन्हा गाडीखाली. फुंकणी अजून गॅस्केटं, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातल्या पातळ चकत्या, उडवतच होती. "जास्तीचा दाब आपोआप बाहेर जायला पायजे," केशवअण्णा म्हणत होता. "ठरावीक जोर झाला की उघडणारं कायतरी."

"पण तसला पार्ट मिळणार कुठे?" दादा म्हणाला, आणि दोघांनी एकदम स्वयंपाकघराकडे बघितलं.

शेवटी एका रविवारी आईने मनाचा हिय्या केला. फडताळावरून कुकर काढला, तूरडाळ घातली, झाकण लावलं, स्टो पेटवला, आणि आम्ही दोघी धावत जाऊन माजघराच्या दाराआड उभ्या राहिलो. एकमेकींचे हात धरून.

बराच वेळ नुसतं फुसफुस. मग एकदम लांबलचक शिट्टी! मी दचकले.

"एक," आई म्हणाली.

थोड्या वेळाने दुसरी, आधीपेक्षा जवळून. "दोन." तिसरी तर अशी कर्कश की शारदक्कांचा कुत्रा भुंकायला लागला.

"तीन! सुशे, बंद कर स्टो!"

मी जीव मुठीत धरून आत गेले. स्टो बंद केला. मग कुकरकडे बघितलं. झाकणावरच्या उघड्या नळीतून वाफ सरळ छताकडे चालली होती. मी आईला हाक मारली. ती आली, वाकून झाकण बघितलं. वरची शिट्टीच गायब!

बाहेर फाटकाशी गाडी येऊन थांबली. केशवअण्णाचा आनंदाने फुटलेला आवाज आला, "मध्या, गॅस्केट शाबूत! काय शिट्टी मारतीया रे ही!"

आई खिडकीशी गेली. गाडीच्या बॉनेटमधून वाफा निघत होत्या आणि दादा ते उघडायला वाकला होता.

"मधू!" आई जिवाच्या आकांताने ओरडली. "गार झाल्याशिवाय झाकण उघडू नकोस!"