लांबट चेंडू

आम्ही दुखानला तेल कंपनीच्या कॉलनीत राहायला गेलो तेव्हा अख्ख्या कतारला फुटबॉलचं वेड लागलं होतं. वर्ल्डकपला अजून अवकाश होता, पण दोहाला गेलं की जिकडेतिकडे क्रेन दिसायच्या आणि घरी आलं की नवरेमंडळींच्या गप्पांत स्टेडियमशिवाय विषय नसायचा. अशात एका गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या हिरवळीवर पडदा लावून सिनेमा दाखवला. तोही फुटबॉलचाच, पण अमेरिकन. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचं आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी आडवं करायचं. तुरुंगातले कैदी टीम बांधतात आणि पहारेकऱ्यांशी मॅच खेळतात, अशी गोष्ट.

माझ्या नवऱ्याने जुना सिनेमा पाहिलेला. "हा रिमेक आहे. मूळचा गंभीर होता, यात नुसता धिंगाणा," असं तो शेजारच्या खुर्चीला सांगत राहिला. मला धिंगाणाच आवडला. ज्यांना कुणी खेळाडू म्हणणार नाही अशी ती माणसं एकेक करून पुढे येत होती, पडत होती, पुन्हा उभी राहत होती. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

नंतर चहाच्या टेबलापाशी माझी कोल्हापूरची शेजारीण म्हणाली, "आपलं काय येगळं हाय? नवऱ्याच्या व्हिसावर आलोय, गाडी चालवता येत न्हाई, दोहाला जायचं तर शुक्रवारची वाट बघायची. आपण कैदी आणि ह्ये पहारेकरी. लावा की मॅच!"

सगळे हसले. माझा नवरा जरा जास्तच. "तुम्ही? चेंडू हातात आला तर आधी दाबून बघाल, ताजा आहे का!"

"लावाच," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात."

हे मी का म्हणाले ते तेव्हा त्यालाही कळलं नाही. नाशिकला मी कबड्डी खेळायचे, जिल्ह्याच्या टीमपर्यंत पोचले होते. लग्न ठरलं आणि कबड्डी सुटली. सोड असं कुणी म्हटलं नव्हतं, सुटली. चार वर्षांत त्याची सवय होते आणि मग माणूस त्याबद्दल बोलतही नाही.

क्लबच्या जिममध्ये एक फिलिपिनो बाई कोच होती. कॉलेजात ती हाच खेळ खेळलेली. तिने आम्हाला त्यातला सौम्य प्रकार शिकवायचं कबूल केलं. यात कुणी कुणाला पाडायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या अडकवलेल्या असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढली की तो तिथेच थांबला, शेवटच्या रेषेपार गेला की गुण. "यल्ला, मॅडम!" म्हणजे चला, असं म्हणून ती टाळ्या वाजवायची आणि आम्ही सलवारी सावरत पळायचो. पहिल्या आठवड्यात चेंडू माझ्या अंगठ्यावर असा बसला की पोळी लाटता येईना. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. कुणाची कंबर धरली, कुणाच्या घरी पाहुणे आले. माझी मुलगी गॅलरीतून बघायची. "Aai, everyone can see you," ती म्हणाली.

"दिसू दे," मी म्हटलं.

नवऱ्यानेही एकदा जेवताना विषय काढला. "अंगठा बघ केवढा सुजलाय. गंमत झाली, आता पुरे कर ना."

"गंमत तुमच्यासाठी होती."

मी वाटीत आमटी वाढली आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याला पट्टी बांधून मैदानावर गेले. शेजारीण आधीच येऊन उभी होती. आम्ही दोघी असलो तरी खेळायचं, असं आमचं ठरलं होतं. हळूहळू टीमपुरत्या बायका राहिल्या, पण त्या पक्क्या राहिल्या.

मॅचच्या शुक्रवारी पुरुष गॉगल लावून आले. पहिल्या अर्ध्यात त्यांनी आम्हाला सहज मागे टाकलं. त्यांच्या लांब फेकी आमच्या डोक्यावरून जात होत्या. मध्यंतरात मी बायकांना गोळा केलं. "चेंडूकडे बघू नका. कबड्डीत चढाईला आलेल्याला घेरतो तसं घेरायचं. साखळी करायची, पण हात धरायचे नाहीत. एकीने समोरून, दोघींनी बाजूने."

"आत्ता समजंल असं बोललीस," शेजारीण म्हणाली.

मग खेळ फिरला. चेंडू कुणाच्याही हातात गेला की आम्ही तिघी-चौघी अर्धगोल करून त्याच्यावर सरकायचो, आणि एवढे मोठे इंजिनियर जागच्या जागी नाचायचे. पट्ट्या सटासट निघू लागल्या. शेजारणीने एकदा चेंडू पोटाशी धरला आणि समोर कोण आहे ते न बघता रेषेपार गेली. शेवटी शेवटी माझ्या हातात चेंडू आला आणि समोर माझा नवरा. डावीकडे हूल दिली, उजवीकडून निघाले. तो हवेत हात मारून गुडघ्यावर बसला. इतक्या वर्षांनी माझ्या पायांना ती हूल आठवली, याचंच मला नवल वाटलं. मी मोठ्याने ओरडत होते.

तरीही आम्ही हरलो. थोडक्यात, पण हरलो. पुरुषांनी हात मिळवले, "मस्त खेळलात" म्हणाले. ते बोलणं खरं होतं, पण त्यात 'खलास, झालं एकदाचं' असाही सूर होता. शेजारीण धापा टाकत माझ्याकडे बघत होती.

"परत खेळायचं," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

मैदान मिळेना. वर्ल्डकपच्या उत्साहात मुलांचे फुटबॉलचे वर्ग वाढले होते, त्यामुळे बायकांसाठी वेळ नाही, असं क्लबच्या कमिटीने सांगितलं. आम्ही सगळ्या मिळून कमिटीच्या मीटिंगला गेलो आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्च्यांवरून उठलो नाही. शेवटी शनिवारची सकाळ मिळाली. आधी सोडून गेलेल्या बायकांपैकी काही जणी परत आल्या. दुसऱ्या मॅचला आम्ही जिंकलो. त्या रात्री गुडघ्याला बाम चोळत नवरा म्हणाला, "ती हूल मला शिकवशील?"

"शनिवारी ये," मी म्हटलं. "पण सराव बायकांचा आहे. मागे उभं राहावं लागेल."

तो आला, आणि मागे उभा राहिला.